गुडघ्याखालची उशी

माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आज अकरा आठवडे झाले. गुडघा बदलणं आता काही नवीन राहिलं नाही, आमच्या गल्लीतच चार जणींचे बदललेत, पण घरी आल्यावर पहिल्या महिनाभरात काय काय होतं ते कुणी नीट सांगत नाही आणि माझ्या बाबतीत एका साध्या उशीमुळे सगळं ऑपरेशन पाण्यात जायची वेळ आली होती, म्हणून हे लिहायला बसले. सूनबाई म्हणाली आई तुम्ही सांगा मी टाईप करते, पण मीच करतेय, हळूहळू.

मी शिवणकाम करते, सांगलीत घरीच, ३४ वर्षं झाली. ब्लाऊज, पोरींचे ड्रेस, साड्यांचे फॉल-पिको. सगळी वर्षं पायाची मशीन, आणि कटिंग जमिनीवर मांडी घालून. पन्नाशीनंतर उजवा गुडघा बोलायला लागला, आधी जिना उतरताना, मग बसून उठताना, मग रात्री झोपेतसुद्धा. तेल झालं, पट्टा झाला, गुडघ्यात इंजेक्शन झाली. शेवटी डॉक्टरांनी एक्सरे लाईटवर लावून दाखवला, आतल्या बाजूला दोन हाडांच्या मधली फट दिसतच नव्हती, हाडाला हाड टेकलेलं. पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकलेला होता तो तर आरशात मलाच दिसत होता. दिवाळीच्या ऑर्डरी होत्या त्या पूर्ण केल्या, शेवटचा ब्लाऊज वसुबारसेला दिला आणि दिवाळी झाल्यावर मिरजेला ॲडमिट झाले.

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही, कमरेत इंजेक्शन देतात, खालचं अंग बधिर, आवाज येतात पण दुखत नाही. मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची चकती आणि त्या दोघांच्या मधे एक प्लास्टिकचा तुकडा, हाच तो नवीन गुडघा. लोकांना वाटतं सगळा सांधा कापून काढतात, तसं नाही, हाडांची झिजलेली तोंडं तेवढी तासून त्यावर टोप्या बसवतात. आणि एक सांगते, माझ्या मोठ्या बहिणीचं, आक्काचं, हेच ऑपरेशन २०१४ साली झालं तेव्हा नुसत्या त्या सांध्याचेच दीड लाखाच्या वर लागले होते, दाजींनी गोठ्यातल्या दोन म्हशी विकल्या होत्या. २०१७च्या ऑगस्टमध्ये सरकारने या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, कोबाल्ट क्रोम धातूच्या नेहमीच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी ठरला. ऑपरेशनचा, खोलीचा, औषधांचा खर्च वेगळाच असतो, तरी आमच्यासारख्यांना हा फरक फार मोठा आहे. मी तो निर्णय झाला नसता तर अजून पाच वर्षं दुखणं काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभं केलं, चौथ्या दिवशी घरी सोडलं. घराची तयारी मुलाने आधीच करून ठेवली होती. पायपुसणी, सतरंज्या सगळ्या उचलल्या, संडासात कमोड बसवला आणि भिंतीला धरायला स्टीलचा दांडा, माझी कॉट बुटकी होती तिच्या पायाखाली लाकडी ठोकळे घालून उंच केली. ही तयारी ऑपरेशनच्या आधीच करा, नंतर घरात कुणालाच सुचत नाही.

आता उशीकडे येते.

दवाखान्यात पाय उंच ठेवायला सिस्टर उशी द्यायच्या. सूज उतरावी म्हणून. ती उशी त्या पोटरीच्या आणि टाचेच्या खाली लावायच्या, गुडघा मोकळा आणि सरळ राहील अशी. पण का तशी लावायची ते कुणी बोललं नाही, ना मला ना यांना. घरी जाताना जो कागद दिला त्यावर सहा व्यायामांची चित्रं होती, झेरॉक्सची झेरॉक्स, काळी पडलेली, त्यातले पाच व्यायाम पाय वाकवण्याचे. उशीचा त्यावर कुठे उल्लेख नाही. रिक्षा आली, सगळे घाईत, आम्ही निघालो.

घरी पहिल्याच रात्री मला कळलं की पाय सरळ ठेवला की ओढ बसते आणि थोडा वाकवून ठेवला की बरं वाटतं. मग ह्यांनी उशी थोडी वर सरकवली, गुडघ्याच्या बरोबर खाली. काय सांगू, इतकं छान वाटलं की डोळा लागला. दुसऱ्या दिवशी आक्का तासगावहून आली, तिने बघितलं आणि म्हणाली, अगं मी तर दोन-दोन उशा घ्यायचे, त्याशिवाय झोपच यायची नाही मला. मग काय, आक्का स्वतः त्यातून गेलेली, तिचं ऐकायचं नाही तर कुणाचं ऐकायचं. मी पण दोन उशा घेतल्या. पुढचे बारा दिवस आणि बारा रात्री.

ते पहिले पंधरा दिवस खरंच अवघड असतात, खोटं कशाला सांगू. दिवसा माणसं असतात, बोलणं असतं, रात्री दोन-अडीचला जाग आली की पुढे छताकडे बघत पडायचं. दुखण्याच्या जड गोळ्यांनी मळमळायचं आणि पोट साफ व्हायचं नाही, शेवटी इसबगोल आणि रात्री भिजवलेल्या मनुका सुरू केल्या. मांडीपासून घोट्यापर्यंत पाय काळानिळा झाला होता, मी घाबरले, पण तो रक्त खाली उतरल्याचा रंग होता, तो आपोआप पिवळा पडून गेला. दहाव्या दिवशी मी कारण नसताना तासभर रडले. सूनबाई शेजारी बसून राहिली, काही बोलली नाही, नुसता हात धरला होता तिने. नंतर कळलं की या दिवसात असं पुष्कळांना होतं, झोप नाही, जेवण जात नाही, अंगातलं रक्त कमी झालेलं असतं.

आणि भेटायला येणारे. शहाळी, बिस्किटाचे पुडे, सफरचंदं, सगळे प्रेमाने आणतात, पण प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "किती वाकतो?" मी खुर्चीत बसून वाकवून दाखवायचे. कुणी म्हणायचं वा वा, कुणी म्हणायचं आमच्या वहिनींचा तर आठव्या दिवशी नव्वद डिग्री झाला होता. मग मी दुसऱ्या दिवशी दात आवळून अजून वाकवायचे. चौदाव्या दिवशी पिना काढल्या तेव्हा ८५ पर्यंत आला होता आणि मी मनातून खूष होते. पिना २९ होत्या, मी मोजल्या, ३४ वर्षं टाके घातलेलं माणूस टाके मोजल्याशिवाय कसं राहील. फार सरळ ओळ होती, एकसारख्या अंतराची, वाटीच्या वरून खाली. ज्यांनी घातल्या त्यांचा हात चांगला आहे.

सोळाव्या दिवशी फिजिओथेरपीच्या मॅडम पहिल्यांदा घरी आल्या. पंचविशीतली मुलगी, माझ्या मुलापेक्षा लहान. मी लगेच खुर्चीत बसून वाकवून दाखवायला निघाले तर म्हणाल्या, काकू ते नंतर, आधी कॉटवर पाय पसरून बसा. बसले. पाय पसरला असं मला वाटत होतं. त्यांनी माझ्या गुडघ्याच्या खाली आपला हात आडवा घातला आणि तो हात या बाजूने आत गेला आणि त्या बाजूने बाहेर आला. चार बोटं उभी मावतील एवढी फट होती. मग डाव्या गुडघ्याखाली घालून बघितला, तिथे बोटं शिरेनात. त्यांच्याकडे प्लास्टिकची दोन पट्ट्यांची मोजपट्टी असते, ती मांडी आणि नडगीला लावून बघितली आणि म्हणाल्या, काकू बारा डिग्री कमी आहे, पाय सरळ होत नाहीये. रात्री उशी कुठे घेता?

मी दाखवलं. त्या क्षणभर गप्प बसल्या, मग दोन्ही उशा उचलून ह्यांच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, काका ह्या दुसऱ्या खोलीत.

मग त्यांनी समजावून सांगितलं ते इथे सगळं लिहिते कारण हेच कुणीतरी मला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. सुजलेल्या सांध्यात पाणी साठलेलं असतं, गुडघा जरासा वाकलेला असतो तेव्हा आतल्या पिशवीत जागा सगळ्यात जास्त असते, म्हणून त्या स्थितीत आराम वाटतो. पण त्याच स्थितीत दिवसरात्र ठेवला तर मागच्या बाजूचे स्नायू आणि ती पिशवी तशीच आखडून जाते. जखम भरताना आतलं मांस जसं धराल तसं धरतं. आणि गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर उभं राहतानासुद्धा मांडीचा पुढचा स्नायू सतत ताणलेला राहतो, त्याला सुट्टीच नाही, दहा मिनिटांत पाय थकतो. तो पाय आखूड पडल्यासारखा होतो, माणूस लंगडतं, मग कंबर धरते, मग दुसऱ्या गुडघ्यावर भार येतो. सपाट जमिनीवर चालायला ६५-७० डिग्री वाकला तरी पुरतो, खुर्चीतून उठायला नव्वद-पंच्याण्णव लागतो, ते आज ना उद्या होतंच. सरळ होण्याचं मात्र पहिल्या काही आठवड्यांत जेवढं सोपं असतं तेवढं नंतर राहत नाही.

मला कापडावरून पटकन समजलं. शिवलेला काठ ओला असतानाच ओढून सरळ करून इस्त्री मारली तर बसतो, वाळून चुणी पडली की मग कितीही इस्त्री फिरवा.

त्या दिवसापासून आमच्या घरात वाकण्याचा विषय मागे पडला. टाचेखाली टॉवेलची जाड गुंडाळी, गुडघा अधांतरी, आणि आपल्या वजनाने तो खाली जाऊ द्यायचा, पहिल्या दिवशी मी चार मिनिटं काढली आणि घामाने ओली झाले. वाकवण्याचं दुखणं कळ येऊन जातं, हे दुखणं तसं नव्हतं, मागून हळूहळू कुणी पिळ घालतंय असं, आणि सोडून द्यावंसं फार वाटतं. मग पाय सरळ ठेवून मांडी आवळायची आणि गुडघा गादीत दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, असं वीस वेळा, दिवसातून चारदा. खुर्चीत बसलं की समोरच्या स्टुलावर टाच आणि मधला गुडघा मोकळा. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मॅडम म्हणाल्या आता थोडं वजन ठेवूया गुडघ्याच्या जरा वर, तर मी सूनबाईकडून माझ्या मुलाच्या जुन्या जीन्सचा पाय कापून घेतला, कॉटवर बसूनच हाताने धावदोरा आणि वर उलटी टीप घातली, आत एक किलो वाळू भरली. ऑपरेशननंतर मी शिवलेली पहिली वस्तू ती. अजून कॉटखाली आहे.

व्यायामाच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी आणि झाल्यावर वीस मिनिटं टॉवेलमध्ये गुंडाळून बर्फ, हे गणित बसल्यावर बरंच सोपं गेलं. मी आधी गोळी टाळायचे, किडनीला त्रास होईल म्हणून, आणि मग दुखतंय म्हणून व्यायाम टाळायचे. डॉक्टरांना विचारून घ्या पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. तसंच रक्त पातळ ठेवायची गोळी दिलेली असते ती एकही दिवस चुकवू नका. पोटरी अचानक कडक होऊन दुखायला लागली, किंवा जखमेतून पाणी यायला लागलं, ताप आला, दम लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. गुडघा गरम लागतो त्याने मात्र घाबरू नका, माझा अजूनही डाव्यापेक्षा गरम लागतो, काही महिने तसा राहतो म्हणे. जखमेच्या बाहेरच्या बाजूला पुरीएवढ्या जागेत बधिर वाटतं, तिथल्या जाणीव देणाऱ्या बारीक नसा कापल्या जातात म्हणून. चालताना आतून कट् असा आवाज येतो, तो धातू-प्लास्टिकचा असतो.

सूज मी माझ्या टेपने मोजायचे. वाटीच्या बरोबर मधून, रोज सकाळी उठायच्या आधी. डावा साडेचौदा इंच. उजवा घरी आल्यावर साडेसतरा होता. वहीत गिऱ्हाइकांची मापं लिहिते तसं एका पानावर तारीख आणि माप लिहीत गेले. ज्या दिवशी जास्त चालले त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धा इंच वाढलेला असायचा, मग त्या दिवशी चालणं कमी, पाय वर, बर्फ जास्त. आज तो पंधरा आहे.

आणि फट ह्यांनी मोजली. रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी हे कॉटपाशी यायचे आणि गुडघ्याखाली बोटं घालून बघायचे. आमच्या लग्नाला ३९ वर्षं झाली, त्यांनी कधी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, पण त्या पाच आठवड्यांत एक दिवस चुकवला नाही. आज चार बोटं. आज पण चार. आज साडेतीन म्हणता येतील. असं करत करत नाताळच्या सुमाराला दोन बोटांवर आलं आणि तिथे आठ दिवस अडकलं, मी पार हताश झाले होते, तेव्हा मॅडमनी पालथं झोपून पाय कॉटच्या कडेबाहेर सोडायचा व्यायाम दिला. त्याने सुटलं. मग एक बोट. मग बोट जाईना म्हणून हे घडी घातलेला पेपर घालून बघायला लागले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पेपर अर्ध्यात अडकला. मॅडमच्या मोजपट्टीवर दोन डिग्री आले, म्हणाल्या काकू एवढं चालतं, पण व्यायाम सोडायचा नाही.

बाकी सगळं त्याच्या मागून आपसूक आलं. पाचव्या आठवड्यात वॉकर सुटला, काठी आली. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, मी आधी उजव्याच हातात धरत होते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. वाकण्याचं म्हणाल तर आज ११५ आहे, कधी कुणी विचारलं की मी सांगते पण सोबत सरळ किती होतो तेही सांगते. मांडी घालून बसायचं नाही, ते ठरलंय, यंदा हळदीकुंकवाला सगळ्यांना खुर्च्या मांडल्या आणि वाण लुटलं. कटिंगसाठी मुलाने उंच टेबल करून दिलं. मशीनला मोटर बसवली आहे, सवय व्हायला वेळ लागतोय, माझ्या पायाला आपली लय माहीत होती, मोटर एकदम पळते.

गेल्या रविवारी आक्का आली होती. ती दारातून आत येताना मी पहिल्यांदा नीट बघितलं. दहा-अकरा वर्षं बघत आलेय की ती लंगडते, आम्ही सगळे म्हणायचो ऑपरेशन नीट झालं नाही, आणि तीही तेच म्हणायची. ती माझ्या कॉटवर पाय पसरून बसली, चहा झाला, आणि मी बोलता बोलता तिच्या डाव्या गुडघ्याखाली हात घातला. सगळा हात गेला, बांगड्यांसकट.

मी तिला उशीचं सगळं सांगितलं. तिला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस सांगितलं नव्हतं, तिने तर मायेनेच सांगितलं होतं ना. ती ऐकत होती, मग तिने वाकून माझ्या गुडघ्याखाली आपली बोटं घालून बघितली, जाईनात, परत बघितली. म्हणाली, "तुझी उशी काढायला कुणीतरी आलं गं. माझी मी अजून घेते."

इतक्या वर्षांनी किती सुटेल ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही असं मॅडम फोनवर म्हणाल्या, आधी एक्सरे काढून डॉक्टरांना दाखवायला लागेल. पण बघते म्हणाल्यात. मंगळवारी यायच्या आहेत, आक्काला तोवर तासगावला जाऊ दिलेलं नाही, आणि रात्री झोपताना तिची उशी मी माझ्याकडे घेतेय.